हंबरडा कोणाचा, गाईचा की माणसाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीच्या निधनाबद्दल लिहिताना तुम्ही ‘आईने हंबरडा फोडला’ असं लिहिलंत. एका नातलगाने हरकत घेतली की हंबरडा गाय फोडते, आईबद्दल असं लिहिणं शोभत नाही. दुसऱ्याने सांगितलं की हा शब्द ‘अंबर’वरून आलाय, आकाश फाटेल असं रडणं तो हंबरडा. तिसरा म्हणाला की गाय ‘अंबा’, म्हणजे ‘आई’, असं म्हणते, त्यावरून. आता तुम्हाला हवंय ते शब्दाचं मूळ, त्याचा नेमका अर्थ, आणि वाक्य बदलायचं की नाही याचं उत्तर.

वाक्य बदलू नका. बाकीचं जरा ऐसपैस सांगतो. शब्दकोशाच्या कामात मुळं हुडकण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि हा शब्द माझ्या आवडत्यांपैकी आहे.

आधी अर्थ. शाळेच्या पुस्तकात ‘ध्वनिदर्शक शब्द’ म्हणून जी यादी आपण सगळ्यांनी घोकली, तिच्यात ‘गाईचे हंबरणे’ असतं आणि विषय तिथे संपतो. गाय ओरडली की ती हंबरली, असं आपण धरून चालतो. ते चूक नाही, पण शब्दाचा गाभा त्याहून अरुंद आहे. हंबरणं म्हणजे मुख्यतः वासरासाठी घातलेली साद. संध्याकाळी गुरं गावाकडे वळतात आणि गोठ्यात बांधलेल्या वासराच्या ओढीने गाय दुरूनच आवाज देते, ते हंबरणं. वासरूही तसंच उलट हंबरतं. बैल डुरकतो, म्हैस रेकते. त्या शब्दांत ही ओढ नाही. आणि हंबरडा म्हणजे त्या हंबरण्याची कमाल, वासरू दिसेनासं झालं की छातीच्या तळातून निघणारा आवाज.

वासरू जवळ असतानाचा आणि ते दिसेनासं झाल्यावरचा, गाईचे हे दोन आवाज कानाला वेगळे लागतात, आणि ते मोजलेही गेले आहेत. नॉटिंगहॅम आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014-15 च्या सुमारास गाई-वासरांच्या आवाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वासरू जवळ असताना गाय तोंड मिटून किंवा जेमतेम उघडून खालच्या पट्टीत आवाज करते, साधारण 81 हर्ट्झ. वासरू नजरेआड झालं की तोंड उघडून, जवळजवळ दुप्पट वरच्या पट्टीत, साधारण 153 हर्ट्झ. मिटल्या तोंडाचा तो पहिला आवाज जवळच्या वासरापुरता असतो. आपला शब्द दुसऱ्या आवाजाचा आहे.

आता मूळ. ‘हंबा’ एकदा तोंडाने म्हणून पाहा. ह म्हणजे नुसता श्वास. मग ओठ मिटतात आणि नाकातून म् घुमतो. मग ओठ झटक्यात उघडून बा बाहेर पडतो. गाय नेमकं हेच करते: मिटल्या तोंडाने सुरुवात, नंतर जबडा उघडत मोठा आवाज. म्हणून जगभरच्या भाषांनी गाईचा आवाज पकडताना ओठांचं अक्षर घेतलं. इंग्रजी आणि जर्मन ‘मू’, जपानी ‘मोऽ’, बंगाली ‘हाम्बा’, कन्नड आणि तेलुगू ‘अंबा’. कन्नड-तेलुगू आपल्या भाषाकुळातल्या नाहीत, जपानी तर कुठल्या कुठे. तरी ओठ मिटतातच. आपल्याकडे अजून बोलता न येणाऱ्या पोराला गाय दाखवताना आपण ‘ती बघ हम्मा’ म्हणतो, तोही याच घरातला शब्द. तेव्हा ‘हंबरडा’ची पहिली पायरी ही निव्वळ आवाजाची नक्कल आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

पण नक्कल कधी झाली आणि कोणी केली, हा प्रश्न उरतोच. इथे लोक दोन गट करतात: एक म्हणतो शब्द संस्कृतातून आला, दुसरा म्हणतो आवाजावरून आला. हा वाद निरर्थक आहे. दोन्ही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या काळाबद्दल.

संस्कृतात गाईच्या आवाजाला ‘हम्बा’ आणि ‘हम्भा’ अशी दोन्ही रूपं आहेत, आणि त्यांच्यापासून झालेला ‘हम्भारव’ हा सामासिक शब्द. रव म्हणजे ध्वनी. मोराचा केकारव आणि भुंग्याचा गुंजारव शाळेत पाठ केलेले असतात, हा त्यांचाच भाऊ. फरक एवढाच की मोर आणि भुंगा कवींच्या ताब्यात गेले, म्हणून त्यांचे शब्द कोरेकरकरीत राहिले. गाय शेतकऱ्याच्या दारात राहिली आणि तिचा शब्द रोजच्या वापराने झिजला. ‘हम्भारव’मधला शेवटचा व गळाला, मधला आ आखडला, भ चा ब झाला आणि राहिलं ‘हंबर’. त्याला ‘णे’ लागून हंबरणे. भ चा ब होण्यात नवल काही नाही. ‘स्कम्भ’चा ‘खांब’ अगदी तसाच झालाय, आणि संस्कृतात ‘हम्बा’ हे रूप होतंच. ‘हंबा’ला मराठीनेच मागाहून एक र जोडला, ‘रव’चा संबंध नाही, असंही मांडता येतं. मला ‘हम्भारव’ची वाट अधिक पटते, कारण गुजरातीतल्या ‘भांभरवुं’ या क्रियापदातही शेवटी हाच र बसलेला दिसतो, आणि दोन भाषांनी योगायोगाने एकच अक्षर चिकटवलं हे मानणं जड जातं. हिंदीने निराळी वाट धरली. तिथे गाय ‘रँभाती है’, आणि तो शब्द ‘रम्भ्’ या वेगळ्या धातूकडे जातो.

हेही लक्षात घ्या की संस्कृतच्या सगळ्या काळात गाय ‘हम्बा’ म्हणत नव्हती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164 व्या सूक्तात मनाने वासराला शोधत येणारी गाय आहे, आणि ती ‘हिङ्’ असा आवाज करते: ‘हिङ्कृण्वती’, वत्साची इच्छा करणारी. पुढच्याच ऋचेत ती वासराचं डोकं हुंगत पुन्हा हिङ् करते. सामगानात, म्हणजे सामवेदाच्या गायनात, आरंभी जो ‘हिंकार’ येतो त्याचंही रूप हेच. म्हणजे त्या ऋषींच्या कानाने गाईचा नाकातला घुमारा पकडला, आणि नंतरच्यांच्या कानाने ओठांचा स्फोट. गाय तीच. प्रत्येक पिढी आपल्या भाषेत उपलब्ध असलेल्या अक्षरांतून ऐकते, आणि एखादं ऐकणं टिकून जातं.

टिकलेल्या नकलेचं पुढे काय होतं, ते पाहायला कावळ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ‘काक’ हा शब्द कुठून आला यावर आपल्याकडे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच भांडण झालेलं आहे. यास्क हा प्राचीन पंडित शब्दांची मुळं सांगणाऱ्या ‘निरुक्त’ या ग्रंथात म्हणतो, ‘काक इति शब्दानुकृतिः’, म्हणजे काक ही आवाजाची नक्कल आहे. आणि वर पुस्ती जोडतो की पक्ष्यांच्या नावांत हे पुष्कळ आढळतं. लगेच तो औपमन्यव नावाच्या आचार्याचं विरोधी मत देतो: शब्दानुकृती असं काही नसतंच, ज्याला हाकलून लावायचं असतं तो काक. म्हणजे ‘अपकालयितव्य’, हाकलून लावण्याजोगा, या शब्दातल्या धातूशी त्याने काक जोडला. मला औपमन्यवाची कीव येत नाही, उलट गंमत वाटते. अंगणातला कावळा कानाशी ओरडत असताना त्याच्या नावाची व्युत्पत्ती धातूतून काढायला निष्ठा लागते. पाणिनीने या नकलांना ‘अव्यक्तानुकरण’ म्हटलं आणि त्यांच्यासाठी सूत्रं केली. ‘पटपटा करोति’ हे त्या प्रकरणातलं नेहमीचं उदाहरण. मराठी व्याकरणातले ‘अनुकरणवाचक’ शब्द त्याच ओळीतले.

तर ‘काक’. कावळ्याच्या आवाजाला इतका जवळचा असलेला तो शब्द प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या काळातल्या बोलभाषांत, आला आणि दोन स्वरांमधला क गळून ‘काअ’ झाला, कारण प्राकृतात अशा जागी सगळेच क गळत होते. कावळा अजून तसाच ओरडत होता, पण शब्दाने त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे ‘काअ’चा ‘काव’ झाला, त्याला ळा लागला, आणि आपला कावळा तयार झाला. गुजरातीत क चा ग झाला आणि ळा ऐवजी डो लागला: कागडो. यात धडा असा की नक्कल एकदा भाषेत रुजली की ती आवाजाची उरत नाही, भाषेची होते. भाषेतले बाकीचे शब्द ज्या जात्यात भरडले जातात त्यातच तीही भरडली जाते. मग ‘काव काव’ हा आवाज मराठी कानाने कावळ्याकडून ऐकला की ‘कावळा’ या नावाकडून? माझ्या मते थोडं दोन्हीकडून. कुत्र्याचंही तसंच. संस्कृत धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, भुंकण्यासाठी ‘बुक्क्’ आहे, प्राकृतात ‘भुक्कइ’, त्यातून आपलं भुंकणे. तरीही पोरं कुत्र्याला ‘भू भू’ म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना प्राकृत यावं लागत नाही.

‘हंबरडा’मधल्या ‘डा’कडे येऊ. हा प्रत्यय अपभ्रंशातला, म्हणजे प्राकृतानंतरच्या आणि मराठीच्या आधीच्या भाषेतला. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने अपभ्रंशाचं व्याकरण लिहिताना त्याची नोंद ‘स्वार्थे’ म्हणून केली, म्हणजे अर्थ फारसा न बदलता शब्दाला लागणारा. चामचं चामडे, आतचं आतडे, रूपचं रूपडे हे सगळे त्याचेच. घुबडातही तोच दिसतो: संस्कृत ‘घूक’, गुजराती ‘घुवड’, मराठी ‘घुबड’, आणि ती पुन्हा एक आवाजाची नक्कल. अर्थ बदलत नाही असं व्याकरणकार म्हणतात, पण शब्दाला हाताने धरता येईल असं काहीतरी या प्रत्ययाने येतं. हंबरणं चालू असतं, वाहत असतं; हंबरडा ही एक वस्तू आहे. एक हंबरडा, दोन हंबरडे. म्हणून तो ‘फोडता’ येतो.

हे ‘फोडणे’ही सहज आलेलं नाही. मराठीत हाक मारतात, आरोळी ठोकतात, शीळ घालतात, कोंबडा बांग देतो. फोडतात ते टाहो, किंकाळी, डरकाळी आणि हंबरडा. चारही आवाज आत दाबून राहिलेले आणि एकदम बाहेर पडणारे. याच्या शेजारी ‘धाय मोकलून रडणे’ ठेवा. तिथे मोकळं सोडणं आहे, बराच वेळ वाहणारं रडणं आहे. हंबरडा एका क्षणाचा असतो.

आता तुमच्या नातलगाची हरकत. हंबरडा गाईचाच, हे म्हणणं शब्दाच्या जन्मापुरतं खरं. पण शब्दाचा आजचा पत्ता पाहिला तर चित्र जवळजवळ उलटं आहे. क्रियापद गोठ्यात राहिलं आणि नाम घरात आलं. ‘गाय हंबरली’ आपण रोज म्हणू, ‘बाई हंबरली’ कोणी म्हणत नाही. म्हटलंच तर ते कवितेत. उलट ‘हंबरडा फोडला’ असं कानावर पडलं की आधी डोळ्यांसमोर येतं ते दारात आणलेलं शव आणि त्यावर कोसळलेलं माणूस. गाय मागाहून आठवते. एकाच मुळाच्या दोन शब्दांनी अशी वाटणी करून घेणं मराठीला नवीन नाही, पण इतकी स्वच्छ वाटणी क्वचितच पाहायला मिळते.

आणि अपमानाचा मुद्दा? जनावरांचे आवाज माणसाला लावले की बहुतेक वेळा शिवीच होते, हे मान्य. माणूस भुंकतो, बेसूर गाणारा रेकतो, मोठ्याने हसणारा खिंकाळतो, विरोधकांची कोल्हेकुई असते, नको त्या वेळी कोणी काव काव करतो. चिवचिवाट तेवढा लाडाचा, तोही लहान मुलांपुरता. या सगळ्यांत हंबरडा एकटा असा आहे की तो माणसाला लावला तर माणूस खाली उतरत नाही. कारण तो आवाज ज्या प्रसंगातून उचललाय तो प्रसंगच तसा आहे: आपलं माणूस हरवल्याचा. नातलगाला एवढंच विचारा की ‘वात्सल्य’ हा शब्द त्यांना चालतो का. वत्स म्हणजे वासरू. आपलं ‘वासरू’ ‘वत्सरूप’वरून आलं, आणि वत्साबद्दल जे वाटतं ते वात्सल्य. आईच्या मायेला गाईवरून शब्द चालत असेल, तर आईच्या दुःखाला का चालू नये? तुमच्या वाक्यात तर लेक आपल्या आईसाठी रडतेय. वासरूही हंबरतं, हे वर सांगितलंच.

हिंदीत याच जागी ‘दहाड़ मारकर रोना’ म्हणतात. दहाड़ म्हणजे सिंहाची गर्जना. तिथे आवाजाचा मोठेपणा घेतला, आपल्याकडे आवाजाचं कारण घेतलं. मला मराठीची निवड अधिक नेमकी वाटते, पण मी पडलो मराठीचा माणूस.

राहिल्या दोन लोकव्युत्पत्त्या, म्हणजे नुसत्या ऐकण्यातल्या सारखेपणावरून लोकांनी जुळवलेली मुळं. ‘अंबर’ची आधी निकालात काढू. अंबराच्या सुरुवातीला ह का यावा याचं उत्तर नाही, गाईचं हंबरणं त्यात बसत नाही, आणि ‘हंबरणे’ला ‘हंबरडा’पासून तोडावं लागतं. एखादी व्युत्पत्ती शब्दाच्या सख्ख्या भावंडांना घराबाहेर काढत असेल तर ती सोडून द्यावी. मी तरी तोच नियम पाळत आलो.

‘अंबा’ची गोष्ट जरा गोड आहे, म्हणून ती पसरते. गाय आईला हाक मारते, असं ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण हाक मारणारी बहुतेक वेळा स्वतःच आई असते आणि ती वासराला बोलावत असते. सारखेपणा येतो तो ओठांमुळे. तान्ह्या मुलाला सगळ्यात आधी जमतात ती ओठांची अक्षरं, म आणि ब. म्हणून अम्मा, अंबा, माँ, ममा असे आईचे शब्द जगभर तयार झाले. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने यावर सविस्तर लिहिलंय. गाईचे ओठही आधी मिटतात. दोन्ही वाटा ओठांतून निघाल्या म्हणून एकमेकींसारख्या दिसतात, एक दुसरीतून निघालेली नाही. अर्थ ऐकायची हौस माणसाला पहिल्यापासून आहे. पावसाच्या तोंडावर ओरडणारा पावशा मराठी शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ सांगतो, हिंदी प्रदेशात तोच पक्षी ‘पी कहाँ’ विचारतो, आणि इथे आलेल्या इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीवर’ ऐकू आलं. एकाला पेरणी, एकाला प्रियकर, एकाला मेंदूचा ताप. पक्ष्याच्या गळ्यात काही फरक नाही.

वापराबद्दल थोडं, कारण तुम्ही लिहिणारे आहात. वर्तमानपत्रांनी हा शब्द फार राबवलाय. अपघाताच्या बातमीत ‘नातेवाइकांनी एकच हंबरडा फोडला’ हे वाक्य इतक्या वेळा छापून आलं की ते वाचताना आता काही होत नाही. राजकारणातही तो गेला. 2025 च्या ऑक्टोबरात छत्रपती संभाजीनगरात शेतकऱ्यांच्या प्रश्नावर निघालेल्या मोर्चाचं नावच ‘हंबरडा मोर्चा’ होतं. मला ते नाव चुकीचं वाटलं नाही, कारण वाहून गेलेलं पीक आणि गुरं हा हानीचाच प्रसंग आहे. पण दाढ दुखली, परीक्षेत नापास झाला, दर वाढले म्हणून हंबरडा फोडवू नये. विनोदासाठी मुद्दाम वापरला तर गोष्ट वेगळी. जिवाभावाचं कोणी किंवा काही गमावलेलं असावं, ते परत येणार नाही हे त्याच क्षणी कळलेलं असावं, आणि आवाज एकदाच फुटलेला असावा. हे तिन्ही तुमच्या वाक्यात आहे.

लिहिताना ‘हंबर्डा’ असं जोडाक्षर करू नका, ‘हंबरडा’च ठेवा. ह वरचा अनुस्वार उच्चारात म् होतो आणि ओठ मिटतात, म्हणजे मूळ आवाज अजून तिथेच आहे. आणि तुमच्या लेखात पुढे कुठे ‘आई रात्रभर हंबरडा फोडत होती’ असं आलं असेल, तर तेवढं मात्र बदला. रात्रभर जे चालतं त्याला ‘रडत होती’ पुरतं.